वाकली ती सुरी

"वाकली," दरोगासाहेब म्हणाले.

त्यांनी सुरी तोंडापुढं आडवी धरली, एक डोळा मिटला आणि पात्यावरून नजर सरकवली. मला लांबूनही दिसत होतं. पात्याचं टोक डावीकडं झुकलं होतं. बीडहून आलेला लोहार, उस्ताद, मिशीत हसला. चौकीचे शिपाई उघड हसले. मी हसलो न्हाई. माझी बायको पारू लिंबाच्या बुडाशी पोटावर हात ठेवून बसली होती, ती पण हसली न्हाई. तिचे दिवस भरत आले होते आणि त्या सुरीवर आमची खोली लटकली होती.

खोली कसली, ते आधी सांगतो.

आमी घिसाडी, म्हणजे फिरते लोहार. गाढवावर भाता, ऐरण आणि सगळं बिऱ्हाड लादायचं, गावाच्या कडेला पाल ठोकायचं, लोकांचे झिजलेले फाळ, विळे, खुरपी नीट करून द्यायची आणि काम सरलं की पुढलं गाव. निजामसरकारचं राज्य होतं. परळीला अजून रेल्वे आली नव्हती. त्या साली आमी धर्मापुरीच्या जुन्या देवळामागं उतरलो होतो.

आमचं पहिलं लेकरू वाटेवर झालं आणि वाटेवरच गेलं. गेवराईकडून येत होतो. वर फाटकं पाल, खाली चिखल. पारू त्यावर माझ्यापुढं कधी रडली न्हाई. एकदाच म्हणली, "पुढलं लेकरू भिंतीच्या आत होऊ द्या." मी हो म्हणलं. हो म्हणायला काय लागतं? भिंत कुठून आणायची, ते मला ठाऊक नव्हतं.

धर्मापुरीजवळच्या डोंगरात जंगलाची चौकी होती. तिथला अंमलदार म्हणजे दरोगासाहेब. त्यांचा सांगावा आला. रानात फिरणाऱ्या सगळ्या शिपायांसाठी एका नमुन्याच्या सुऱ्या करायच्या होत्या. लोहारांनी एकेक नमुना करून आणायचा. ज्याचा मंजूर होईल, त्यानं चौकीला लागून असलेल्या खोलीत राहायचं, तिथंच भट्टी लावायची आणि चौकीची सगळी लोखंडाची कामं बघायची. खोलीला भिंती होत्या, वर कौलं होती. पारू ती खोली लांबूनच बघून आली आणि चुलीपुढं गप बसली. ती भांडायला लागली की मला काही वाटायचं न्हाई. गप बसली की भ्या वाटायचं.

साहेबांना हे सुऱ्यांचं का सुचलं, तर इब्राहीममुळं. इब्राहीम त्यांचा सगळ्यात जुना शिपाई. साहेबांनी त्याला हैद्राबादेहून एक चाकू बक्षीस आणला होता. मिटणारा. पातं मुठीत घडी होऊन बसायचं, वर हस्तिदंताचं काम. रानात कुणीतरी लावलेल्या फासात एक काळवीट अडकलेलं इब्राहीमला दिसलं. तो फास कापायला वाकला. जनावरानं लाथ झाडली, चाकूचा सांधा दबला आणि पातं त्याच्याच बोटांवर मिटलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. काळवीट मात्र सुटलं. इब्राहीम हे सांगताना दर वेळी शेवटी तेच सांगायचा. "सुटला पण गडी."

साहेबांना ते लागलं. चाकू त्यांनी दिला होता ना. तवापासून त्यांच्या चौकीत मिटणारा चाकू बंद.

नमुना करायचं ठरल्यावर मी लगेच लोखंड बघायला लागलो. पारू म्हणली, "लोखंड मागून. आधी त्या माणसाला विचारा, दिवसभर सुरीनं करतो काय."

"सुरीनं काय करत्यात? कापत्यात," मी म्हणलं.

"तुमाला काय ठावं? तुमी कधी रानात ऱ्हायलाव?"

मग आमी दोघं चौकीवर गेलो. इब्राहीम ओट्यावर बसून दोरी वळत होता. पारूनं त्याला सरळ विचारलं, "भाऊ, सकाळपासनं सुरी कशाकशाला लागती?"

तो आधी हसला. "भाभी, ह्ये आजवर कुनी पुसलंच न्हाई." मग सांगत गेला. फासाच्या दोऱ्या तोडायला. चुलीपुरतं लाकूड फोडायला. तवा पातं लाकडात बसवायचं आणि पाठीवर दुसऱ्या दांडक्यानं हाणायचं. घोड्याच्या खुरातला खडा काढायला. भाकरीबरोबर कांदा चिरायला. आणि उन्हाळ्यात ओढा आटला की वाळूत झिरा उकरायला. झिरा म्हणजे पाण्यासाठी खणलेला लहान खड्डा. वाळूखाली दगड लागतात, ते सुरीनंच उचकायचे, कारण पहार काय कुणी डोंगरात खांद्यावर घेऊन हिंडत न्हाई.

"पानी न्हाई मिळालं तर मानूस संध्याकाळपर्यंत लुढकतो, भाभी," तो म्हणाला.

पारूनं ऐकून घेतलं. मग तिनं रांजणाखालचा ओला चिखल घेतला, त्याचा लांबट गोळा केला आणि इब्राहीमच्या पुढं ठेवला. "ह्यो धरा. सुरी धरत्यात तसा. आवळा."

त्यानं उजव्या हातात धरला, तोच बोटं गेलेला हात. चिखलात तीन बोटांचे खळगे पडले आणि खाली, जिथं दोन बोटं हवी होती, तिथं चिखल फुगून वर आला. पारूनं तो गोळा पदरात घेतला आणि पालाच्या दारात उन्हाला ठेवला. आमच्या सुरीच्या मुठीचा नमुना तो.

मी म्हणलं, "अगं, बाकी समद्या शिपायांला दहा बोटं हायेत. एकासाठी मूठ वाकडी करू का?"

"ज्याचा हात बिघडलाय त्याला जी बसती ती समद्यांला बसती. रानात हात धड आसतोय व्हय कुनाचा? वला आसतोय, काटं टोचलेला आसतोय, थंडीनं आखडलेला आसतोय."

मी तो गोळा हातात धरून बघितला. मला ते पटलं होतं, पण लगेच पटलं म्हणलं तर तिला चढायचं.

आता लोखंडाचं. लोखंड म्हणलं की सगळं सारखं असं लोकांना वाटतं. तसं न्हाई. बैलगाडीच्या चाकाची धाव, म्हणजे वरची लोखंडी पट्टी, मऊ असते. तिची सुरी केली तर धार टिकत न्हाई. जुन्या कानशीचं पोलाद लई कडक. धार अशी लागते की केस तुटावा, पण आपटली तर काचेसारखी जाते. माझ्याकडं एका मोडक्या टांग्याची कमान होती, म्हणजे चाकावर असते ती स्प्रिंगची पट्टी. आयुष्यभर खड्ड्यांत दबून परत वर आलेलं लोखंड. पारूनं ती पट्टी ऐरणीवर टाकली, आवाज ऐकला आणि म्हणली, "हीच."

आमच्यात घण बाई मारते. हे बाहेरच्यांना नवल वाटतं. नवरा सांडशीनं तापलं लोखंड धरतो आणि दुसऱ्या हातात लहान हातोडी घेतो. हातोडीनं तो जिथं टक करेल, तिथं बाईनं घण घालायचा. हळू टक केलं तर हळू, जोरात केलं तर जोरात. हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की थांबायचं. तोंडानं बोलायचं न्हाई. भात्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येत न्हाई आणि घण डोक्यावर असताना बायकोला चिडवू नये, हेही खरं. आमचं लग्न झालं तवा मला तिच्याशी काय बोलावं कळत नव्हतं. आमी आधी ऐरणीवरच बोलायला लागलो. टक, धाड. टक, धाड.

पोट पुढं आलं की आमच्यात बाई घण खाली ठेवते. म्हाताऱ्या बायका तसं बजावूनच ठेवतात. पारूनं ही सुरी होईपर्यंत ठेवला न्हाई. पातं एका वितीचं केलं, पाठ जाड आणि चपटी, म्हणजे वरून दांडक्याचा मार सोसेल. टोक फार बारीक केलं न्हाई. आणि मुख्य म्हणजे पातं मुठीतून पार शेवटपर्यंत नेलं. पुष्कळ लोहार पात्याला मागं उंदराच्या शेपटीएवढी टोकदार शेपटी ठेवतात आणि ती मुठीत लाखेनं चिकटवतात. दिसायला छान. पण सगळा जोर त्या शेपटीवर येतो. मी दोन्ही बाजूंनी बाभळीच्या फळ्या लावल्या, मधून आरपार रिपिटा, म्हणजे दोन्हीकडून ठेचलेले खिळे, ठोकल्या आणि त्या वाळलेल्या चिखलाकडं बघत बघत मूठ घासली.

राहिलं पाणी देणं. सुरी लाल करून एकदम विझवली की ती कडक होते, पण तेवढ्यावर सोडली तर ठिसूळ राहते. म्हणून ती परत मंद आचेवर धरायची. घासलेल्या पात्यावर रंग चढत जातात. आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. जितकं पुढं जाल तितका कडकपणा कमी आणि चिवटपणा जास्त. कुठल्या रंगावर काढायची, त्यात लोहाराचं सगळं आलं. आमच्यात हे काम पुरुषाचं. बाईनं त्या वेळी भट्टीकडं पाठ करून बसायचं, अशी चाल होती.

पारू पाठ करून बसली. पातं गव्हाळ झालं. मी सांडशी उचलणार, तर ती तिकडं तोंड करूनच म्हणली, "काढू नका."

"गव्हाळावर धार पक्की ऱ्हाती. चार लोकांत दोरी कापून दावायची हाय."

"त्याला दगड उचकायचेत. दाढी करायची न्हाई."

मी तपकिरीवर परत सांडशी हलवली. तिला आवाज गेला असणार.

"अजून."

"अगं, बीडचा उस्ताद कानशीची करून आणंल. धारंत आपली मागं पडंल."

"पडू द्या."

जांभळा रंग चढला, त्यात निळं डोकावायला लागलं, तवा ती म्हणली, "आता." तिनं मान वळवली नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. कसं कळलं ते मी तिला पुढं पुष्कळदा विचारलं. ती म्हणायची, "तुमचा श्वास ऐकत व्हते. रंग जाया लागला की तुमी श्वास धरताव."

तर अशी ती सुरी. आता त्या सकाळकडं येतो.

साहेबांनी चौकीपुढल्या लिंबाखाली सगळं मांडलं होतं. दोन नमुने होते, उस्तादाचा आणि माझा. उस्ताद माणूस वाईट नव्हता. कारागीर म्हणून माझ्याहून दोन पायऱ्या वर. त्याची सुरी आरशासारखी, मूठ काळ्या शिंगाची, गुळगुळीत. त्यानं माझी हातात घेतली, उलटी-सुलटी केली.

"कोंडिबा, ही मूठ हाय का भोपळा?"

"भोपळा," मी म्हणलं. "पोट दुखलं तर भाजी करा."

आधी दोरी. उस्तादाच्या सुरीनं जाड दोर एका ओढीत तोडला. माझ्या सुरीला परत ओढ द्यावी लागली. साहेबांनी मान हलवली. मग लाकूड. दोन्ही सुऱ्या लाकडात बसवून शिपायांनी वरून दांडकी हाणली. दोन्ही पार झाल्या. मग साहेब चौकीजवळच्या ओढ्यात उतरले. वाळूत अर्धा रुतलेला एक दगड होता. म्हणाले, "इथं इब्राहीम पाणी काढतो. उचका."

एका दांडग्या शिपायानं माझी सुरी दगडाखाली घातली आणि सगळा भार टाकला. दगड हलला न्हाई. सुरी वाकली. सगळे वर आले, आणि साहेब काय म्हणाले ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

मी पारूकडं बघितलं. डोळ्यांनीच म्हणलं, घे, आणखी निळी कर. तिनं माझ्याकडं बघितलंच न्हाई. ती सुरीकडं बघत होती.

"आता तुमची," साहेब उस्तादाला म्हणाले.

परत ओढ्यात उतरून त्याच शिपायानं त्याच दगडाखाली उस्तादाची सुरी घातली आणि भार टाकला. फट्‌ असा आवाज आला. पातं मुठीपाशी तुटलं. शिपाई तोंडावर वाळूत पडला आणि त्याच्या हातात नुसतं शिंग राहिलं. नशीब, कुणाला लागलं न्हाई. उस्तादानं तुकडा उचलला, तुटलेल्या जागेवर अंगठा फिरवला आणि स्वतःशीच म्हणाला, "लई कडक झाली, यार."

साहेब काठावरच्या दगडावर बसले. "एक वाकली, एक तुटली. दोन्ही नामंजूर. नमुने हैद्राबादेहून मागवतो."

खोली गेली. मी सामान गोळा करायला वाकलो. तेवढ्यात पारू उठली. लिंबाला धरून, हळूहळू. आमची लहान ऐरण आणि घण गाढवावर होते, कारण आमचं सगळंच गाढवावर असायचं. ती म्हणली, "ऐरण उतरवा."

"पारू, न्हाई. घण न्हाई."

"तुमी हातोडी वाजवा. बाकी मला ठावं."

साहेबांपुढं काय भांडायचं? मी ऐरण मांडली. सुरी तिच्यावर धरली, फुगवटा वर. पारूनं घण दांड्याला लांबून न धरता अगदी डोक्याजवळ धरला, बाळाला मानेखाली धरतात तसा. मी फुगवट्यावर टक केलं, हळू. तिनं घण टेकवल्यासारखा घातला. मी जरा पुढं टक केलं. तिनं तिथं घातला. मी हातोडी आडवी ठेवली.

सुरी सरळ झाली.

साहेबांनी ती परत डोळ्यापुढं धरली. "उद्या परत वाकेल."

"वाकंल," पारू म्हणली. "वाकली तर मानूस तिला घेऊन घरी येतो, साहेब. तुटली तर ती बी रानात आन मानूस बी रानात."

कुणी हसलं न्हाई. साहेब इब्राहीमकडं वळले. "तू सांग. हात तुझा गेलाय."

इब्राहीमनं सुरी घेतली न्हाई. आधी तो रांजणाकडं गेला, दोन्ही हात पाण्यात बुडवले, मग ओलेच हात वाळूत घासले. मग सुरी घेतली आणि ओढ्यात उतरला. त्यानं त्या शिपायासारखा भार टाकला न्हाई. दगडाच्या एका अंगाची वाळू सुरीनं उकरली, मग दुसऱ्या अंगाची, मग पातं खाली सारलं आणि दगड थोडा थोडा हलवत राहिला. दगड निघाला. खाली ओल दिसली. सुरी परत जराशी वाकली होती. त्यानं ती लिंबाच्या बेचक्यात घातली, अंगानं रेटली, बघितली, परत रेटली.

"घण बी नको साहेब. झाडाचं बेचकं पुरतंय," तो म्हणाला. मग त्यानं मूठ हातात फिरवून बघितली. ती फिरली न्हाई. जिथं त्याची बोटं नव्हती, तिथं बाभळीचं लाकूड येऊन बसलं होतं.

"हात भरला, साहेब," इब्राहीम म्हणाला.

साहेबांनी तोंड दुसरीकडं वळवलं. मग मला विचारलं, "कोंडिबा, ही सुरी तुझी का तुझ्या बायकोची?"

"लोखंड माझं, हुजूर. बाकी समदं तिचं."

"मंजूर," ते म्हणाले. "पण भोपळा जरा कमी करा."

"भोपळा न्हाई कमी व्हनार," पारू म्हणली. साहेब हसले आणि विषय संपला.

उस्ताद जाताना माझ्याशी न बोलता पारूपुढं थांबला. "बहन, रंग कुठला ठेवला होता?"

"त्येंला इचारा. मी पाठ करून बसले व्हते," ती म्हणली.

आमची थोरली लेक त्या खोलीत झाली. भिंतीच्या आत. सुईण बाहेर येऊन पोरगी झाली म्हणली, तवा इब्राहीमनं सगळ्या चौकीला गूळ वाटला, माझ्या आधी. पुढं त्या खोलीत आमी इतकी वर्षं काढली की गाढव विकून टाकलं. त्या नमुन्याच्या सुऱ्या मी किती केल्या, ते मोजलं न्हाई. सगळ्यांच्या मुठी तीन बोटांच्या. नवीन शिपाई आला की विचारायचा, ही मूठ अशी का? इब्राहीम त्याला आपला हात दाखवायचा.

पारू जाऊन आता वर्ष होत आलं. आजारी पडली, चार दिवस अंथरुणात होती, पाचव्या दिवशी न्हाई. लोक म्हणतात सोनं झालं. कशाचं सोनं? मला तर घरात ऐकू येईनासं झालंय. ती पहिली सुरी माझ्याकडं हाय. इब्राहीमनं नोकरी सुटताना परत आणून दिली होती. पातं झिजून निम्मं राहिलंय. मी त्या सुरीनं कांदा चिरतो.

परवा शेजारच्यानं तेलगावच्या बाजारातून एक चकचकीत सुरी आणली आणि मला दाखवायला आला. म्हणला, बाबा, कशी हाय? मी म्हणलं, हात पाण्यात बुडव, वाळूत घास आन मग धर. पातं मुठीत कुठवर गेलंय ते बघ. दगडाखाली घालून हळू रेट. वाकली तर ठेव, तुटली तर दुकानदाराच्या तोंडावर मार. तो म्हणला, नवी सुरी कोण असं करतं? घेऊन गेला.

लेकीच्या पोराला खुरपं करून द्यायचं होतं म्हणून काल भट्टी पेटवली. लोखंड लाल झालं. सांडशीनं ऐरणीवर धरलं, हातोडी उचलली आणि टक केलं. मग थांबलो. लोखंड काळं पडलं तरी थांबलो होतो.

परत तापवलं. एकट्यानं ठोकलं. वाकडं झालंय, पण चालंल.